नावं ठेवण्याचे नियम

ऑक्टोबरात नको, हानुस म्हणाला,
ऑक्टोबरात मेंढ्या कापायच्या असतात, निम्मी गोदी डोंगरावर.
मी तक्त्यातून ऑक्टोबर खोडला.
डिसेंबरात अंधार. जानेवारीत ट्रॉलर दुरुस्तीच्या रांगेत.
शेवटी एप्रिलचा दुसरा शनिवार ठरला:
जुनी यंत्रणा बंद, नवी चालू,
मधली एक रात्र
कुठलाच कागद कुठेच नसेल.

हे काम माझ्याकडे आलं
कारण मी कचेरीत सगळ्यांत लहान
आणि मला पासवर्ड आठवतात.

कोपनहेगनच्या सल्लागार बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं,
फायली किती?
क्लाक्सव्हीकच्या गोदीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं.
मोजल्या. दोन लाख अकरा हजार.
त्यांतल्या चार हजारांचं नाव 'नवीन',
सहाशेंचं 'नवीन शेवटचं',
आणि एकीचं, योआकुपच्या, 'उघडू नका'.
उघडली. कॅन्टीनचा हिशेब.

एरवी नावं ठेवण्यात आम्ही सगळेच पटाईत,
पण फायलींना ठेवायची म्हटल्यावर तीन बैठका गेल्या.
आधी वर्ष की आधी बोट?
बोट विकली जाते, नवा मालक नवं नाव रंगवतो,
सांगाडा तोच, वेल्डिंग तेच,
रंगाखालची जुनी अक्षरं हात फिरवला की लागतात.
एकच नाव तीन नावांनी
आमच्या तीन कपाटांत राहते,
शेजारणींची ओळख नसलेली.
क्रमांक द्या, बाई म्हणाल्या.
क्रमांकानं हाक कोण मारतं, सून्वा म्हणाली.

सून्वा. एकतीस वर्षांचं दप्तर तिच्या डोक्यात.
शाफ्टचा आराखडा?
बेकरी जळाली त्या वर्षाच्या वरचा खण, डावीकडे.
नव्या यंत्रणेत असा रकाना नाही.
आठवडाभर मी वही घेऊन तिच्यामागे हिंडले.
ती सांगायची, मी लिहायचे,
लिहून झालं की ती कपाट हातानं लावून घ्यायची,
लावलेलंच असलेलं.

मग आला स्थितीचा रकाना. सक्तीचा.
पर्याय तीन: चालू, पूर्ण, दप्तरी दाखल.
सगळं बसलं.
'नोर्दलीस' बसेना.

जुन्या यंत्रणेत ती अजून चालू आहे,
पंपाची वाट पाहत.
पंप आला होता. फळीवर आहे, वेष्टनासकट.
ती मात्र नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
जुन्याच पंपावर वायव्येला गेली, दोनच दिवसांसाठी म्हणून.
वर सहाजण.
त्यांतला एक सून्वाचा भाऊ,
हे हानुसनं मला जिन्यात सांगितलं, खालच्या पायरीकडे बघत.

पूर्ण म्हणावं तर काम झालंच नाही.
दाखल करावी तर सात वर्षांनी यंत्रणा आपोआप पुसते,
आणि सात कधीच उलटली.
चालू म्हणावं तर दर सोमवारी सकाळी आठला
लाल अक्षरांत आठवण येणार:
मुदत संपून पाच हजार आठशे दिवस.

बाईंना फोन केला. चौथा पर्याय घालता येईल?
सहज, त्या म्हणाल्या. नाव काय देऊ?
मी फोन हातात धरून राहिले.
त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं.

दुपारी सून्वाला विचारलं.
तिनं ब्रेडवरचा सुका मासा नीट केला, मग म्हणाली,
चालूच ठेव. सोमवारी मी असतेच.
आणि जूनमध्ये तू निवृत्त झालीस की?
मग तुझ्या नावावर कर.

शनिवारी रात्री एक ते पाच सगळं वाहून नेलं.
अडुसष्ट फायली वाटेत फाटल्या, त्यांतली एक कॅन्टीनची.
हानुस खुर्चीतच घोरत होता.

आता जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात सून्वा आहे,
खाली, जूनपासून, मी.
माझ्या नावातला शेवटचा स्वर यंत्रणेला कळत नाही,
तिथे ती प्रश्नचिन्ह टाकते.
ते दुरुस्त करायचं राहिलंय.